वैनगंगेचे उसने पाणी

नदीला कीर्ती कशामुळे लाभेल याचा नेम नसतो. वैनगंगेचे नाव जगभरच्या मुलांच्या कानी पडले ते एका इंग्रज लेखकामुळे. रडयार्ड किपलिंगचा मोगली हिच्याच काठच्या रानात वाढला, आणि १८९५ साली निघालेल्या 'जंगल बुक'च्या दुसऱ्या भागात रानकुत्र्यांच्या टोळीला चकवून तो मधमाश्यांच्या कड्यावरून उडी घेतो तीही हिच्याच डोहात. किपलिंग स्वतः सिवनीच्या रानात कधी गेला नव्हता. ऐकीव माहितीवर त्याने नदी उभी केली आणि ती खऱ्या नदीहून अधिक प्रसिद्ध झाली! भंडाऱ्याच्या मुलाला मात्र अजून मुद्दाम सांगावे लागते, की बाबा, तुझ्या घरच्या नळाला येते ते पाणी मोगलीच्या नदीचे आहे.

ही नदी मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातील मुंडारा गावी उगम पावते, सिवनीला मोठा वळसा घालते, बालाघाटवरून दक्षिणेस उतरते आणि गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतून पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेने जाऊन चपराळ्याजवळ वर्धा नदीला मिळते. तेथून दोघींचे नाव प्राणहिता. वाटेत बाघ, बावनथडी, सूर, कन्हान, चूलबंद, गाढवी, कठाणी अशा कितीतरी नद्या हिच्या पदरात आपले पाणी टाकतात. वाकाटकांच्या ताम्रपटांत 'बेण्णाकट' नावाचा प्रदेश येतो, तो हिच्याच काठचा, असे वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले आहे.

काठावरची वस्तीही तितकीच जुनी. पवनी आज तालुक्याचे लहानसे गाव. पण १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथील जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा आतून प्रचंड बौद्ध स्तूप निघाला. महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभही याच पवनीचा. पवनीच्या वरच्या अंगाला आंभोरा. तेथे वैनगंगेला कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या नद्या भेटतात, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे, आणि मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधू' येथेच सिद्ध केला अशी विदर्भाची श्रद्धा आहे. मराठवाड्यातील मंडळी तो मान आंबेजोगाईला देतात. तो वाद पंडितांचा. आपण त्यात न पडलेले बरे. आपल्या कथेत आंभोरा पुन्हा येणार आहे, पण वेगळ्याच कारणाने.

सध्या नदीच्या पाण्याचा प्रश्न निघाला की धरणाचेच बोलणे निघते. पण भंडाऱ्याच्या माणसाने पाणी अडवायला काही काल-परवा सुरुवात केली नाही. हा तर तलावांचा मुलूख! भंडारा आणि गोंदिया (१ मे १९९९ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता) यांत गावोगाव तळी आहेत, बोड्या आहेत. मोठे ते तळे, धाकटी ती बोडी. ही बहुतेक कामे कोहळी लोकांची. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांची दंतकथा दिली आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तेथे त्याने या लोकांचे पाण्याच्या कामातील कसब पाहिले आणि त्यांना आपल्या राज्यात आणले. जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल ती जमीन, असा गोंड राजांचा शब्द होता, असेही परंपरा सांगते. कथेतला खरेखोटेपणा कितीही असो, तळी मात्र खरीच आहेत. नवेगावचा बांध कोलू पाटलाने घातला. त्याच्या भोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. या सात जणींनी पाटलाला बांध घालायला हात दिला, अशी समजूत. लोकांनी पुढे कोलू पाटलाचा कोलासुर देव केला. अभियंत्याचा देव झाल्याचे उदाहरण आपल्या देशात तरी फारसे आढळणार नाही.

या तळ्यांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मातीची पाळ, धान भिजवायला पाणी सोडण्याचे तुडूम, आणि जादा पाण्याला वाट देणारा सांडवा, एवढेच तळ्याचे सगळे यंत्र. पण वरच्या तळ्याच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या तळ्यात जाई, आणि तेथून त्याच्याही खालच्या तळ्यात. म्हणजे वरच्या गावाने काय केले याचा हिशेब खालच्या गावाला त्याच हंगामात कळत असे. इंग्रजी अमलात जमाबंदी झाली तेव्हा पाण्याचे हे हक्क आणि रिवाज गावोगावच्या 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये लिहून ठेवले गेले. मालगुजारी गेली (कायदा १९५०चा), तळी सरकारजमा झाली, त्यांना 'माजी मालगुजारी' हे नाव पडले आणि लोकांनी त्याचे सुटसुटीत 'मामा तलाव' करून टाकले. मामांकडे पुढे भाच्यांनी कितपत लक्ष दिले हे त्या तळ्यांतला गाळच सांगेल.

आता येथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नागपुराकडे वळावे लागते. भंडाऱ्याच्या नदीची गोष्ट नागपूर वगळून सांगताच येत नाही, आणि ते का, हे नागपूरची तहान कशी वाढत गेली ते पाहिले म्हणजे उलगडते.

१८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. १८६७ साली आगगाडी आली. शहर वाढू लागले तशी विहिरी आणि जुन्या तळ्यांवर भागेना. तेव्हा शहराच्या पश्चिमेच्या अंबाझरी तलावाकडे सरकारचे लक्ष गेले. हे काम ज्या तरुण अभियंत्याकडे आले त्याचे नाव अलेक्झांडर बिनी. बिनीने आधी एक मोठी शहाणपणाची गोष्ट केली. तलाव किती मोठा करावा हे ठरवायचे तर पाऊस किती पडतो एवढे कळून भागत नाही. पडलेल्या पावसापैकी जमिनीत किती मुरते आणि वाहून तळ्यात किती येते, हे कळावे लागते. १८६९ ते १८७२ या काळात त्याने नागपूरजवळच्या सुमारे सोळा चौरस किलोमीटर पाणलोटावर हे मोजमाप चिकाटीने केले. पहिल्या पावसाला कोरडी जमीन सगळे पिऊन टाकते. पाऊस जसजसा साचत जातो तसतसा वाहून येणाऱ्या पाण्याचा वाटा वाढतो. याचे त्याने कोष्टक बसवले. आज दीडशे वर्षांनंतरही आपल्याकडे जलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'बिनीची टक्केवारी' म्हणून ते शिकवतात. १८७३ साली अंबाझरीची पाणीयोजना पुरी झाली. बिनी पुढे विलायतेस परतला, लंडन काउंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला, टेम्स नदीखालून ब्लॅकवॉलचा बोगदा त्याच्या हाताखाली झाला आणि १८९७ साली तो 'सर' झाला. नागपुरात त्याने शहराला पाणी कसे आणावे ते पाहिले; लंडनमध्ये लाखो लोकांचे सांडपाणी कोठे न्यावे, हेही त्याच्या खात्याला पाहावे लागले.

वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण अंबाझरीत येणारे पाणी म्हणजेच नाग नदीचे पाणी. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावून ती अंबाझरीत येते आणि तलावाच्या सांडव्यातून पुन्हा बाहेर पडून शहरात शिरते. ज्या नदीवरून नागपूरला नाव मिळाले, त्या नदीचे पाणी १८७३ नंतर नागपूरकर नळाने पीत होते! आज नाग नदी म्हटले की नाकाला पदर लावणाऱ्यांना हे खरे वाटणार नाही.

पण अंबाझरी पुरी पडली नाही. कापसाच्या गिरण्या आल्या (जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ ची), वस्ती वाढली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोरेवाड्याचा तलाव झाला. तोही अपुरा पडला, मग कन्हान नदीचे पाणी उपसून आणले. ते पुरेना तेव्हा त्याहून दूरच्या पेंच नदीवर दृष्टी गेली. पेंचवर नवेगाव खैरी आणि तोतलाडोह ही धरणे झाली. तोतलाडोहला १६० मेगावॉट वीजही निघते. १९८० नंतर पेंचचे पाणी नागपुरात येऊ लागले आणि आज शहराची तहान मुख्यतः तेच भागवते. प्रत्येक वेळी शहर आपल्या दारच्या पाण्याला पाठ फिरवून पुढच्या नदीकडे गेले, आणि मागे टाकलेल्या पाण्याचे काय झाले ते पाहायला थांबले नाही. पुढच्या नदीलाही मालक असतातच. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशाने छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचे धरण बांधले, आणि पाऊस लांबला तेव्हा, २०१९ च्या जुलैत, नागपूरकरांना दिवसाआड पाणी घ्यावे लागले. वर कोणी बांध घातला म्हणजे खाली काय होते, हे त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात नागपूरने अनुभवले.

पेंच नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. तेव्हा नागपूर जे पाणी पिते ते वैनगंगेच्या घरचेच. नागपूर ते वापरते, आणि वापरून झाल्यावर परत करते. परत करण्याची वाट कोणती? तर नाग नदी. शहरातले सांडपाणी घेऊन नाग आणि तिची बहीण पिवळी या दोघी पूर्वेस जातात, एक होतात, कन्हानला मिळतात आणि कन्हान ते सारे आंभोऱ्याजवळ वैनगंगेच्या ओटीत घालते.

आपल्याकडे फराळाचे ताट शेजारी गेले तर ते रिकामे परत येत नाही. उसनी नेलेली वाटीभर साखर वाटीभरच परत करावी लागते, आणि ती ओली करून दिली तर शेजारीण बोलून दाखवते. नागपूर वैनगंगेकडून निर्मळ पाणी उसने घेते. ते कोणत्या रूपात फेडते, ते आंभोऱ्याच्या संगमावर जाऊन पाहावे.

नदी वाहती होती तोवर हे फारसे जाणवत नव्हते. वाहत्या पाण्याला स्वतःला धुऊन काढण्याची थोडीबहुत शक्ती असते. खडकांवरून, वाळूतून उसळत जाताना त्यात हवा मिसळते, हवेतल्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात, वाळू गाळण्याचे काम करते. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण 'वाहते पाणी निर्मळ' हे ठाऊक होते. वैनगंगेच्या वाळूत ढिवर मंडळी उन्हाळ्यात डांगरवाड्या लावीत, वाळूत झिरा उकरून त्यातले पाणी पीत.

२२ एप्रिल १९८८ या दिवशी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे धरणाची कोनशिला बसली. 'खुर्द' म्हणजे धाकटे. पण धरण मात्र असे की त्याच्या भिंतीची लांबी अकरा किलोमीटरहून अधिक, दरवाजे तेहतीस, आणि पोटात मावणारे पाणी ११४६ दशलक्ष घनमीटर. कागदोपत्री त्याचे नाव इंदिरासागर. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवावी, हा उद्देश. उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटरचा, थेट चंद्रपूर जिल्ह्यातील आसोलामेंढा या जुन्या तलावापर्यंत जाणारा. डावा कालवा सुमारे २३ किलोमीटरचा. आरंभीचा अंदाज होता ३७२ कोटी रुपयांचा. २००९ साली हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि खर्चाचा आकडा वाढत वाढत अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. कालव्यांच्या कामांवर चौकश्या झाल्या, गुन्हे नोंदले गेले. तो सगळा इतिहास लिहायचा तर दिवाळी अंकाचे अर्धे अधिक पान त्यातच जाईल, आणि सणासुदीला तो कोणी वाचायलाही नको.

ज्यांची घरे गेली त्यांचा मात्र उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. भंडारा आणि पवनी, तसेच नागपूरकडचे कुही आणि भिवापूर या तालुक्यांतील गावेच्या गावे उठली. धानाची बांधी, देवळापुढचा पार, नदीकाठचे मसणवट, सगळे पाण्याखाली. नव्या वसाहतींतून वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. २०१३ साली राज्य सरकारने सुमारे १२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज दिले, तेही कोनशिलेनंतर पंचवीस वर्षांनी. त्या वेळी जन्मलेली मुले तोवर बाप झाली होती. ढिवरांच्या डांगरवाड्याही गेल्या, कारण डांगरवाडीला उन्हाळ्यात उघडी पडणारी वाळू लागते, आणि साठलेल्या पाण्याखालची वाळू कधी उघडी पडत नाही.

धरणात पाणी टप्प्याटप्प्याने चढवले गेले तसे नदीचे रूप पालटले. धरण भरले म्हणजे त्याचा फुगवटा आंभोरा ओलांडून वर थेट भंडाऱ्यापर्यंत येतो. कारध्याच्या पुलावर उभे राहून पाहावे तर पात्र केवढे विस्तीर्ण! पाहुणे म्हणतात, "काय भाग्यवान हो तुम्ही, बारमाही समुद्र दारात!" भंडाऱ्याचा माणूस यावर काही बोलत नाही, कारण त्या समुद्राचेच पाणी उपसून, गाळून त्याच्या नळाला येते. वाहती नदी तळे झाली. आणि या तळ्याला कोहळ्यांच्या तळ्यांसारखा रानातला निर्मळ पाणलोट नाही. याच्या पाणलोटात एक मोठे शहर बसले आहे. नागच्या मुखाने येणारी घाण पूर्वी एका पावसाळ्यात गोदावरीकडे निघून जाई; ती आता येथे थांबते. साठलेल्या पाण्यात शेवाळ धरते, जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात, मासे मरून वर येतात. भंडाऱ्यात नळाला हिरवट, वास मारणारे पाणी आल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या आहेत.

या साऱ्यात एक गोष्ट फार चमत्कारिक आहे. पाणी आणि सांडपाणी यांवर संशोधन करणारी देशातली अग्रगण्य संस्था, म्हणजे 'नीरी', १९५८ पासून नागपुरातच आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

परंतु हे दुखणे एकट्या नागपूर-भंडाऱ्याचे आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत शिकागो शहर मिशिगन सरोवराचे पाणी पीत असे, आणि शहराचे सांडपाणी शिकागो नदीतून त्याच सरोवरात जाई. पिण्याचे पाणी नासू लागले तेव्हा त्या लोकांनी नदीच उलटी फिरवली! मोठा कालवा खोदून १९०० च्या जानेवारीत त्यांनी शिकागो नदीचा प्रवाह सरोवराकडून वळवून इलिनॉय नदीत, आणि तिच्यातून मिसिसिपीत सोडला. शिकागोचे पाणी निर्मळ झाले. पण मिसिसिपीच्या काठी, खाली, सेंट लुई हे शहर होते, आणि ते मिसिसिपीचे पाणी पीत होते. सेंट लुई ज्या राज्यात आहे त्या मिसूरीने इलिनॉय राज्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. शिकागोकडचे जंतू सेंट लुईपर्यंत पोहोचतात हे दाखवण्यासाठी मिसूरीच्या बाजूने एका निरुपद्रवी जातीच्या जंतूंची एकशे सात पिंपे त्या कालव्यात ओतण्यात आली, आणि पुढे सेंट लुईच्या पाण्यात तो जंतू सापडल्याचा पुरावा देण्यात आला. १९०६ साली न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला तो मिसूरीच्या विरुद्ध. दोन शहरांमध्ये साडेपाचशेहून अधिक किलोमीटरचा वाहता प्रवाह आहे, एवढ्या वाटेत रोगाचे जंतू जिवंत पोहोचतात हे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाला वाटले. होम्स यांनी आणखीही एक टोमणा मारला: मिसूरीची स्वतःची गावे तरी आपली घाण त्याच नदीत टाकत नाहीत काय?

या निकालाचा एकेक शब्द आपल्या नदीला लावून पाहण्यासारखा आहे. शिकागोच्या बचावाचा सगळा आधार होता वाहत्या पाण्यावर, लांबच लांब वाटेवर. नागपूर आणि वैनगंगा यांमध्ये शंभर किलोमीटरचीही वाट नाही. आणि उरलीसुरली वाट वाहती राहिलेली नाही, ती धरणाच्या फुगवट्यात बुडाली. होम्स यांच्यापुढे आज हा दावा गेला असता तर निकाल काय लागला असता, हे सांगायला वकील नको. टोमण्याचे म्हणाल, तर तो भंडाऱ्यालाही लागू आहे. भंडाऱ्याच्या गटारांचे पाणी शेवटी वैनगंगेतच जाते, आणि नागपूरला बोल लावताना येथील माणसाने आपल्या नाल्यांकडेही एकदा पाहावे.

नागपूरने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येत नाही, आणि तसे म्हणणे न्यायाचेही होणार नाही. भांडेवाडीला सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची मोठी केंद्रे उभी राहिली. तेथील शुद्ध केलेले पाणी कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांना जाते, आणि तेवढे पेंचचे पाणी वाचते. ही गोष्ट देशाने कित्ता गिरवावा अशी. नाग नदीच्या पुनरुज्जीवनाची दोन हजार कोटींच्या आसपासची योजना केंद्राने मंजूर केली आहे, तिला जपानी कर्जाचे साह्य आहे. पण मंजुरी आणि काम यांमधले अंतर नागपूर-भंडारा अंतराहून अधिक असते. शिवाय नाग नदी आपले अस्तित्व अधूनमधून स्वतःच जाहीर करते. २३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री-पहाटे मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहू लागली आणि नागच्या काठच्या वस्त्यांत, घराघरांत पाणी शिरले. बिनीने मोजमाप केले तेव्हा पाणलोटात माती होती, ती आधी पाणी पीत असे. सिमेंटच्या रस्त्यांना आणि फरसबंदीला तहान नसते. पडेल ते सगळे वाहून येते.

साठवलेले पाणी पुराच्या वेळी केवढे भारी होते, हेही भंडाऱ्याने पाहिले आहे. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस वर मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. तेथील वैनगंगेवरच्या संजय सरोवरातून आणि इकडे पेंचवरच्या धरणांतून पाणी सोडले गेले, आणि सगळे एकदमच खाली आले. गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडले. त्या दोन-तीन दिवसांत भंडारा शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, आणि खाली ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोलीपर्यंत हाहाकार उडाला. तीन ठिकाणचे पाणी तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या हुकमाने सुटते आणि एकाच गावात येऊन पोहोचते. वरच्या सांडव्याची खबर खालच्या तळ्याला वेळेवर लागावी, ही कोहळ्यांच्या काळी साधी समजली जाणारी गोष्ट या काळात, टेलिफोन हाती असताना, अवघड झाली.

पवनीचे घाट धरणाच्या खालच्या अंगाला आहेत. तेथे आता दरवाजांतून जेवढे सुटेल तेवढीच नदी. कार्तिकात पवनीला स्नानाला जाणारे भाविक आधी पाण्याचा रंग पाहतात आणि मग पायरी उतरतात. आंभोऱ्याला मात्र अलीकडे भलतीच गर्दी असते. २०२४ साली तेथे वैनगंगेवर दोरांनी तोललेला भव्य पूल खुला झाला. वर चढून प्रेक्षकांना पाच नद्यांचा संगम पाहता येतो. सुटीच्या दिवशी नागपुराहून मोटारी भरभरून येतात, मुले पाण्याकडे बोट दाखवतात, फोटो निघतात. उंचावरून ते पाणी फार सुंदर दिसते, यात शंका नाही. त्या मुलांपैकी किती जणांना कोणी सांगत असेल, की यातले काही पाणी तुमच्याच न्हाणीघरातून निघून तुमच्या आधी येथे येऊन पोहोचले आहे?

आणि आता पुढची योजना आली आहे. वैनगंगेचे जादा पाणी गोसीखुर्दपासून पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगा नदीपर्यंत न्यायचे; कालवा सुमारे ४२६ किलोमीटरचा, वाटेवर वर्धा, अमरावती, यवतमाळ आणि अकोला हे जिल्हे. राज्य सरकारने २०२४ साली तिला मंजुरी दिली. अंदाज ८८ हजार कोटींच्या घरातला. कोरड्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पाणी मिळावे याला कोण नाही म्हणेल? फक्त नकाशावर तो कालवा नजरेने चालून पाहावा. गोसीखुर्दच्या तळ्यातून निघाल्यावर त्याला पहिला जो जिल्हा लागतो, तो नागपूर.